पाहणीपुरती चालू

मित्रांनो, तुम्ही जिच्या आरशात घाईघाईने केस सारखे करता आणि उतरताना जिचे दार धाडकन आपटता, तशीच मी एक लिफ्ट आहे. फरक एवढाच की मी फार म्हातारी झाले आहे. माझे अंग लाकडाचे, दरवाजा सरकत्या लोखंडी जाळीचा आणि बटणे पितळेची आहेत. माझ्याभोवती वळसे घेत इमारतीचा जिना वर जातो, त्यामुळे जिन्यात कोणी कुजबुजले तरी मला ऐकू येते. आज मी माझी कहाणी सांगणार आहे. ती गोड नाही. सांगताना माझे दोर अजून थरथरतात. तुम्हाला वाटेल, म्हातारपणाने. नाही, किळसेने.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सुतारांनी माझ्या फळ्यांना हात फिरवून फिरवून पॉलिश केले. तपासणीच्या दिवशी इंजिनिअरने काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला माझ्या तळावर ठेवला आणि मला वर-खाली नेले. एक थेंबही सांडला नाही. तेव्हा त्याने माझ्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "पोरगी नाव काढणार!" त्या एका थापेवर मी कितीतरी वर्षे फुशारत होते.

मग मला या सहा मजली इमारतीत बसवले. थोरले मालक म्हणजे कवडीचुंबक माणूस. जिन्यातला दिवा गेला तर नवा आणायला त्यांना आठवडा लागे. पण माझी हेळसांड त्यांनी कधी केली नाही. मिस्त्री माझ्या रुळांना वंगण लावायला आला की ते स्वतः समोर उभे राहत आणि डब्यात बोट घालून वंगण हुंगून पाहत. भाडे घेतो तर सोय दिलीच पाहिजे, एवढे त्यांचे साधे गणित होते.

सहाव्या मजल्यावर सिस्टर राहायला आल्या त्या माझ्याच तरुणपणी. त्या इस्पितळात परिचारिका होत्या. पांढऱ्या गणवेशात पहाटे खाली जात, संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन परत येत आणि माझ्यात शिरताच म्हणत, "चल गं बाई, आता तुझ्यावरच भिस्त." इमारतीतल्या प्रत्येक पोराच्या दंडात त्यांची सुई टोचलेली होती. त्यांची जीभ त्यांच्या सुईपेक्षा तिखट होती, पण हात मात्र लोण्यासारखा. माझा दरवाजा कुरकुरायला लागला की त्या बिनसुईच्या पिचकारीत तेल भरून आणत आणि सांध्यासांध्यात सोडत. "घे, तुझाही डोस," असे म्हणत. मिस्त्री त्यावर हसायचा. मला मात्र ते फार आवडायचे.

तिसऱ्या मजल्यावर शिंपीमामा आणि मामी राहत. मामांचे शिलाई मशीन खोलीतच होते. एकदा मशीनची सुई त्यांच्या उजव्या तर्जनीतून आरपार गेली. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, बोट काढावे लागेल. बोट गेले असते तर मामांचा धंदाच बसला असता. सिस्टर रोज कामावरून आल्या की सहाव्या मजल्यावर जाण्याऐवजी तिसऱ्याचे बटण दाबत, मामांचे बोट धुऊन मलमपट्टी करत आणि मगच वर आपल्या घरी जात. कितीतरी दिवस असे चालले. बोट वाचले. मामा लिफ्टमध्ये भेटले की ते बोट वर करून म्हणत, "हे सिस्टरचं आहे, मी नुसतं वापरतो." मला त्या दोघांना वर नेताना वजनच वाटत नसे.

असे दिवस कायमचे थोडेच राहतात? थोरले मालक वारले आणि कारभार धाकट्या मालकांच्या हाती आला. मित्रांनो, या माणसाने कधी कोणाला वाईट शब्द वापरला नाही. तो सगळ्यांना काका, मावशी म्हणे. माझ्यात शिरला की दुसऱ्यासाठी दार धरून उभा राही. त्याचे बोलणे साखरेच्या पाकासारखे होते आणि पाक सांडला की हात जसे चिकट होतात तसे ते ऐकून मला चिकट वाटायचे.

शेजारच्या रस्त्यावर मोठमोठी कार्यालये उभी राहिली. शहरात खोल्यांना सोन्याचा भाव आला. माझ्यात चढणारी माणसे आता एकच विषय बोलू लागली, भाड्याचा. कोणाचे एकदम दीडपट झाले, कोणाला महिन्याभरात जागा सोडायला सांगितले. गाद्यांची वळकटी, भांड्यांची पोती, भिंतीवरून उतरवलेली घड्याळे मी खाली नेऊ लागले. पूर्वी सामान वर नेण्याची मला सवय होती. खाली नेण्याची नव्हती.

आणि मग बातमी आली. नगरपालिका भाड्यासाठी नियम आणणार होती. सिस्टरनी लिफ्टमध्येच मामांना समजावून सांगितले.

"दरवर्षी भाडं थोडंच वाढवता येईल, आणि कारणाशिवाय कुणाला हाकलता येणार नाही."

"मग सुटलो की हो आपण!" मामा म्हणाले.

"इतक्यात नको नाचूस. खोली रिकामी झाली तर नव्या माणसाकडून हवं ते भाडं घ्यायला मोकळीक आहे. म्हणजे आता मालक काय करेल?"

उत्तर मला दुसऱ्याच दिवशी कळले. धाकटे मालक मिस्त्रीला घेऊन माझ्यात चढले. हा तोच मिस्त्री, ज्याने मला वर्षानुवर्षे वंगण लावले होते.

"नियम यायच्या आत वरचे मजले मोकळे व्हायला हवेत," मालक म्हणाले. "मी कुणाला जा म्हणणार नाही. शोभत नाही ते. माणसाला आपणहून जावंसं वाटलं पाहिजे."

मिस्त्री बुटांकडे पाहत राहिला. मग दोघे गच्चीवरच्या माझ्या मोटरच्या खोलीत गेले. माझ्या पेटीतला चिनी मातीचा मोठा फ्यूज मिस्त्रीने उपटला, रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. मला त्याआधी तळमजल्यावर आणून ठेवले होते. माझा दिवा विझला. बाहेर पाटी लागली : 'लिफ्ट नादुरुस्त. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

दिलगीर! ती पाटी माझ्याच जाळीला बांधलेली होती. मला ती वांती होऊन अंगावर सुकावी तशी वाटायची.

बंद पडलेल्या वस्तूचे काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल. आधी कोणीतरी सिगारेटचे थोटूक माझ्यात टाकले. मग कोणी थुंकले. मग रंगकाम करणाऱ्यांनी चुन्याची फुटकी पोती आणून ठेवली. त्याआड कोणी केराच्या पिशव्या ठेवल्या, त्यात काय होते ते सांगवत नाही. त्या पिशव्या फुटल्या आणि त्यातले पाणी माझ्या तळाच्या फटींतून झिरपू लागले. उंदीर झाले. ज्या तळावर कधी पाण्याचा भरलेला पेला डुचमळला नव्हता, तिथे अळ्या वळवळू लागल्या. माणसे नाकाला रुमाल लावून माझ्यासमोरून जात आणि म्हणत, "शी! ही लिफ्ट म्हणजे घाण आहे नुसती." घाण मी होते का, मित्रांनो? घाण करणारे रोज इस्त्रीचे कपडे घालून माझ्यासमोरून जात होते.

एकेक बिऱ्हाड हलू लागले. पाचव्या मजल्यावरचे जोडपे तान्हे मूल घेऊन जिना चढून दमले आणि गेले. चौथ्या मजल्यावरचे हृदयविकाराचे आजोबा मुलीकडे राहायला गेले ते परतलेच नाहीत. प्रत्येक रिकाम्या खोलीला लगेच रंग लागे.

सिस्टर मात्र हलल्या नाहीत. त्यांचे गुडघे केव्हाच गेले होते. चढणे सोडाच, उतरणेही त्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्या जिन्याच्या मधल्या पोकळीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडत आणि मामी तीत भाजी, औषधे भरत. पिशवी माझ्या जाळीला घासत वर जायची. वरून सिस्टरचा आवाज यायचा, "हळू गं, अंडी आहेत ना!" तो आवाज ऐकला की मला थोडे बरे वाटायचे आणि लगेच शरमही वाटायची. ते काम माझे होते.

घरबसल्या सिस्टरनी नगरपालिकेचा फोनवरून असा पिच्छा पुरवला की तिथले लोक त्यांचा आवाज ओळखू लागले. त्यांच्यासारख्या तक्रारी इतरही इमारतींतून आल्या होत्या. मालकमंडळी म्हणत होती, हे सगळे खोटे आहे, नियमाची गरजच नाही. शेवटी नियमावरच्या मतदानाआधी नगरपालिकेच्या समितीने ठरवले की एकदोन इमारती स्वतः जाऊन पाहायच्या. त्यात आमची इमारत निघाली. आणि समिती कधी येणार हे शिष्टाचार म्हणून मालकांना आधी कळवण्यात आले. वा रे शिष्टाचार!

पाहणीच्या आदल्या दिवशी माझी पोती निघाली. केर निघाला. तीन माणसांनी मला घासले. तरी वास जाईना, तेव्हा धाकट्या मालकांनी स्वतः येऊन माझ्यात गुलाबाच्या वासाचा फवारा मारला. खाली मुरलेली सडकी घाण आणि वर गुलाब. अळ्या सोसल्या होत्या मी, पण हा वास सोसवेना. मिस्त्रीने खिशातून रुमाल काढला, फ्यूज जागेवर बसवला. पाटी गायब झाली. माझा दिवा लागला.

समितीचे अध्यक्ष आले. गोरेगोमटे, भरल्या अंगाचे, हसतमुख गृहस्थ. बरोबर दोन सभासद होते. धाकट्या मालकांनी माझे दार धरले. "या, वरपर्यंत जाऊन बघू या."

तेव्हा मी मनात किती विनवण्या केल्या! मोटर जळू दे, दोर अडकू दे, निदान दोन मजल्यांच्या मध्ये एक गचका बसू दे. पण यंत्राला मन असले तरी मर्जी नसते. फ्यूज बसवला की आम्ही चालतो. मी चालले. लोण्यातून सुरी जावी तशी चालले. अध्यक्षांनी माझ्या लाकडावर बोटे वाजवली आणि म्हणाले, "वाहवा! अशा लिफ्ट आता राहिल्या कुठे! काय झोकात चालते!"

माझ्या आयुष्यातली ती दुसरी शाबासकी. ती ऐकून माझ्या अंगावर शिसारी आली.

सहाव्या मजल्यावर सिस्टर तयार होऊन उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात काठी. किती काळाने त्या खाली येत होत्या! त्या माझ्यात चढल्या, तळमजल्यावर सगळ्यांबरोबर उतरल्या आणि तिथे माझ्यासमोरच खुर्च्या मांडून चौकशी सुरू झाली.

"साहेब, ही लिफ्ट काल सुरू झालीय," सिस्टर म्हणाल्या. "त्याआधी तीन महिने बंद होती. मुद्दाम बंद होती. मी वर कोंडलेली होते. दोन बिऱ्हाडं गेली ती याच पायी. भाडं न वाढवता माणसं हाकलायची ही रीत आहे. तुमचा नियम अजून आला नाही, तर हे चाललंय."

"पण बाई," अध्यक्ष हसून म्हणाले, "तुम्ही आत्ता लिफ्टनेच खाली आलात ना?"

दोघे सभासद हसले. धाकटे मालक हसले नाहीत, त्यांनी नुसती समजूतदारपणे मान हलवली. ते हसण्यापेक्षा वाईट होते.

"मिस्त्रीला विचारा," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रीने पुटपुटत सांगितले, "जुनी लिफ्ट आहे साहेब. कधीमधी नखरे करते."

नखरे! मी!

"ठीक आहे. दुसऱ्या कुणा भाडेकरूला विचारू," अध्यक्ष म्हणाले. मालकांनी आधीच शिंपीमामांना आणून बसवले होते. मामांनी सिस्टरकडे पाहिले नाही. ते आपली उजवी तर्जनी डाव्या मुठीत धरून कुरवाळत होते. मला तेवढेच दिसत होते, ते बोट.

"काय हो, लिफ्ट चालू असते का?"

"असते, साहेब," मामा म्हणाले. "चालूच असते."

समिती उठली. गाड्या निघून गेल्या. मामा जिन्यानेच वर पळाले. त्यांना माझ्यात चढायचे धाडस झाले नाही.

गाड्यांचा धूर विरला नसेल तोच मालकांनी मिस्त्रीला डोळ्याने खूण केली. तो गच्चीवर गेला आणि माझा दिवा विझला. सिस्टर अजून खालीच होत्या.

त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिले. मग अध्यक्षांसाठी आणलेली गादीची खुर्ची काठीने ढकलत माझ्यात आणली आणि तीवर बसल्या.

"मावशी, हा काय हट्ट?" धाकटे मालक पाकातल्या आवाजात म्हणाले. "दोन माणसं सांगतो, खुर्चीसकट वर पोचवतील. पण रोज रोज कसं जमणार? तुमच्या वयाला तळमजल्याची जागाच बरी. सांगा, मी शोधतो तुमच्यासाठी."

सिस्टरनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "लहानपणी मी तुला इंजेक्शन दिलं तेव्हा तू रडला नव्हतास. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, की याला काही टोचत नाही."

मालकांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. तेवढ्यात मामी बाजारातून आल्या. सिस्टर अंधाऱ्या लिफ्टमध्ये का बसल्या आहेत हे त्यांना कळेना. सिस्टरनी काय घडले ते थोडक्यात सांगितले, मामांचे नाव न घेता. पण मामींनी विचारले, "साक्ष कुणी दिली?" आणि सिस्टर गप्प बसल्यावर त्यांना सगळे उमगले. हातातली पिशवी खाली ठेवून त्या जिन्याच्या पोकळीत मान वर करून ओरडल्या, "अहो! खाली या! सिस्टरना वर जायचंय. लिफ्ट चालू असते ना? मग चालवून दाखवा!"

तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीन चालू होते. ते थांबले. पण कोणी खाली आले नाही.

मामींनी अग्निशमन दलाला फोन लावला. "एक म्हाताऱ्या बाई लिफ्टमध्ये अडकल्यात, लवकर या," एवढेच सांगितले. घंटा वाजवत बंब आला. मिशाळ प्रमुख हातात पहार घेऊन धावत आत शिरले आणि थबकले.

"बाई, अडकलात कुठं? दार तर सताड उघडं आहे!"

"वर जायची अडकलेय," सिस्टर म्हणाल्या. "सहाव्या मजल्यावर माझं घर आहे. तुम्ही सुटका करता ना? करा."

एक जवान हसला. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी माझा बंद दिवा पाहिला आणि गच्चीवरून नुकत्याच उतरलेल्या मिस्त्रीकडे वळले. "काय बिघडलंय हिचं?"

"कळत नाही साहेब. बघावं लागेल."

"बघायचं कशाला?" मिस्त्रीच्या फुगलेल्या खिशाकडे बोट दाखवत मामी म्हणाल्या. "जे बिघडलंय ते त्यांच्या खिशात आहे."

मिस्त्रीच्या हाताने आपोआप खिसा झाकला. मग त्याने मालकांकडे पाहिले, सिस्टरकडे पाहिले आणि रुमाल बाहेर काढला. गाठ सोडून त्याने फ्यूज प्रमुखांच्या हातावर ठेवला. मला त्याची दया आली असे म्हणायला हवे, पण खोटे कशाला बोलू? नाही आली.

प्रमुखांनी फ्यूज स्वतः वर नेऊन बसवला. सिस्टरना मी घरी नेले. वाटेत त्या माझ्या भिंतीला डोके टेकून बसल्या होत्या.

खाली धाकटे मालक प्रमुखांना चहाचे आग्रहाने विचारत होते. मामींकडून पाहणीची हकिगत ऐकलेले प्रमुख म्हणाले, "मीही नगरपालिकेचाच माणूस. अध्यक्षांनी सकाळी जे दिसलं ते पाहिलं. मला दुपारी जे दिसलं ते मी त्यांना सांगणार."

आणि त्यांनी भर सभेत सांगितले. पुढची हकिगत मला माझ्यात चढणाऱ्यांच्या तोंडून कळली. नियम मंजूर झाला. लिफ्ट किंवा पाणी मुद्दाम बंद करणे म्हणजे भाडेकरूला हाकलणेच, असे एक कलमही त्यात घातले गेले. ते कोणी मांडले? आमच्या त्याच हसतमुख अध्यक्षांनी! "मी स्वतः त्या लिफ्टने गेलो होतो," ते छातीवर हात ठेवून म्हणाले म्हणे, "मला तेव्हाच शंका आली होती." टाळ्या पडल्या. हे ऐकून सिस्टर पोट धरून हसल्या. मला हसता येत नाही.

नियमाला एक पळवाटही ठेवली होती. तो नव्या वर्षापासून लागू होणार होता. तोवर मालक मोकळे. आता सिस्टरना हात लावायची धाकट्या मालकांची छाती नव्हती, सगळ्या गावाचे डोळे सहाव्या मजल्यावर होते. त्यांनी तिसरा मजला निवडला. मामांना त्यांनी भाडे न वाढवण्याचा शब्द दिला होता. "तोंडी शब्दाला काय आधार, मामा?" ते गोड आवाजात म्हणाले आणि जागा सोडायला सांगितले.

ज्या दिवशी मामा निघाले, त्या दिवशी मामी पुढे गेल्या होत्या. मामा एकटेच शिलाई मशीन ओढत माझ्यापर्यंत आले. मी वरून सिस्टरना घेऊन येत होते. तिसऱ्या मजल्यावर थांबले. दोघे समोरासमोर आले. मला वाटले, आता सिस्टर दार लावून घेतील. खरे सांगायचे तर तसे व्हावे असेच मला वाटत होते. पण त्यांनी काठी पुढे केली आणि सरकते दार अडवून धरले.

"सिस्टर," मामा म्हणाले, "माझं चुकलं."

"हो, चुकलं," सिस्टर म्हणाल्या. "मशीन तिरकं धर, नाहीतर चाक अडकेल."

मामांनी मशीन तिरके धरले. मी दोघांना खाली नेले. एवढे जड ओझे मी कधी वाहिले नव्हते.

धाकटे मालक अजूनही माझ्यातून जातात. रिकाम्या तिसऱ्या मजल्यावर नवी माणसे दाखवायला आणतात, माझे दार धरतात, काका-मावशी म्हणतात. मला त्यांना न्यावे लागते. मिस्त्री येतो, वंगण लावतो आणि माझ्याकडे न पाहता जातो.

मित्रांनो, आम्ही यंत्रे झिजतो, गंजतो, एक दिवस खरोखरच बंद पडतो. त्यात लाज नाही. तुम्ही आम्हाला तेल द्या, आमच्यात थुंकू नका, केर टाकू नका, एवढे केलेत तरी आम्ही तुमच्या उपकारात राहू. पण कधी एखादी लिफ्ट, एखादा पंप, एखादा नळ ऐन गरजेच्या वेळी थांबलेला दिसला, तर नुसते हळहळून जिना चढू लागू नका. वस्तू बिघडली का, एवढ्यावर थांबू नका. ती कोणी बंद केली, हे विचारा. आणि जरा मोठ्याने विचारा, सहाव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असे.